म्हातारा सेल

कहूटचं ते टिकटिक करणारं संगीत संगणक कक्षात वाजायला लागलं की पुढची दहा मिनिटं शिक्षकाला फार काही करावं लागत नाही. पडद्यावर प्रश्न येतो. खाली लाल त्रिकोण, निळा चौकट-इक्का, पिवळं वर्तुळ, हिरवा चौरस. सेकंद उलटे पळतात आणि पोरं किंचाळतात. शेजारच्या वर्गावरचे सर दारातून डोकावले आणि मग मधल्या सुट्टीत म्हणाले, "काय मॅडम, आज जत्रा होती वाटतं." टोमणाच होता, पण मला बरं वाटलं. विज्ञानाच्या तासाला कुणी आनंदानं ओरडतंय, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं.

मी एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. वर्गात ६२ मुलं. संगणक कक्षात चालू स्थितीतले संगणक १५, म्हणजे एका माउसमागे चार जण. त्या दिवशी 'धाराविद्युत' या प्रकरणावरचे वीस प्रश्न झाले, पहिल्या तीन गटांची नावं व्यासपीठावर झळकली, टाळ्या पडल्या. दोन आठवड्यांनी घटक चाचणी झाली. तिच्यात एक प्रश्न होता: दोन बल्ब एकसर जोडणीत असताना एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल, कारणासह लिहा. पहिल्या गटातल्या चौघांपैकी तिघांनी उत्तर बरोबर लिहिलं होतं आणि कारणाची जागा कोरी सोडली होती. सगळ्यात नेमकं कारण ज्या मुलीनं लिहिलं, तिचा गट कहूटमध्ये शेवटून दुसरा आला होता. मी तिला विचारलं, तेव्हा काय झालं गं? ती सहज म्हणाली, "मॅडम, मी प्रश्न वाचत होते तोवर त्यानं दाबलं."

त्या वाक्यानंतर मी वर्गात वापरायच्या या साधनांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आपल्याकडे सिनेमाची समीक्षा होते, वेबसिरीजची होते, कवितेची तर गरजेपेक्षा जास्त होते. पण लाखो मुलं ज्या पडद्यांसमोर बसून शिकतात, त्या पडद्यांची समीक्षा कुणी करत नाही. मिळतं ते दोन प्रकारचं. एक, 'शिक्षकांसाठी दहा उपयुक्त टूल्स' अशा याद्या, ज्यात प्रत्येक टूल सारखंच उत्तम असतं. दुसरं, स्क्रीनमुळे पिढी बिघडली हा सूर. पहिल्या प्रकारात साधन उघडून पाहिलेलं नसतं, दुसऱ्यात पाहायची इच्छा नसते. आपण कथेला विचारतो, की तुझा निवेदक कोण, तू काय वगळलंस, वाचकाला तू काय समजतेस? साधनांनाही हे विचारता येतं. हे साधन मुलाला काय समजतं, एवढाच प्रश्न घेऊन मी माझ्या वापरातली तीन साधनं पुन्हा उघडली.

कहूट नॉर्वेतलं. २०१३ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याचा नेहमीचा नियम असा, की बरोबर उत्तराला गुण आहेतच, पण लवकर दिलेल्या बरोबर उत्तराला जास्त आहेत. पहिल्या क्षणाला दाबलंत तर जवळपास हजार, शेवटच्या सेकंदाला दाबलंत तर त्याच्या निम्मे. म्हणजे त्याच मुलीचं तेच ज्ञान, फक्त वाचून, विचार करून दिलं म्हणून अर्ध्या किमतीचं. हा नियम सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतो, हे मला मान्य आहे. पण साधनाचा स्वभाव त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दिसतो. किती शिक्षक सेटिंग उघडतात? मी स्वतः वर्षभर उघडलं नव्हतं.

यात एक गंमत आहे. ही 'ताबडतोब कळलं पाहिजे, बरोबर की चूक' ही कल्पना इंटरनेटची नाही. अमेरिकेत सिडनी प्रेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात एक यंत्र केलं होतं. खिडकीत प्रश्न दिसायचा, चार कळा असायच्या, बरोबर कळ दाबली की पुढचा प्रश्न. मग १९५३ साली बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. त्याला दिसलं, की सगळी मुलं एकाच वेळी तीच गणितं सोडवताहेत, काहींची केव्हाच झाली आहेत, काही अडकली आहेत, आणि कुणालाच आपलं बरोबर आलं की नाही हे कळत नाहीये. त्यानं शिकवण्याची यंत्रं बनवायला घेतली. स्किनरवर टीका करायला भरपूर जागा आहे. मुलांना तो प्रयोगातल्या कबुतरांच्या फार जवळ नेऊन ठेवतो. पण दोन गोष्टींवर तो ठाम होता. प्रत्येक मूल आपापल्या गतीनं जाईल, आणि उत्तर चारांतून निवडायचं नाही, स्वतः तयार करायचं. कहूटनं स्किनरकडून तत्काळ निकाल घेतला आणि या दोन्ही गोष्टी टाकून दिल्या. ते प्रेसीच्या चार कळांकडे परत गेलं, वर ढोल-ताशे लावले. सत्तर वर्षांपूर्वीचं वर्तनवादी यंत्र मुलाच्या गतीचा जास्त मान ठेवत होतं, हे लक्षात आल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

चार पर्यायांचा प्रश्न मुळात वाईट असतो असं मात्र नाही. हार्वर्डचा भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर १९९१पासून हेच चार पर्याय वेगळ्या तऱ्हेनं वापरत आला. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं विचार करून मत द्यायचं, बरोबर उत्तर सांगायचं नाही. मग शेजाऱ्याला पटवायचं. मग पुन्हा मत घ्यायचं. त्याची सगळी पद्धत त्या मधल्या दोन-तीन मिनिटांच्या गोंगाटात आहे, आणि कहूटच्या मूळ खेळात नेमकी तीच जागा नाही. तिथं उत्तर कळलं की लगेच क्रमवारी येते. पहिले पाच झळकतात, उरलेल्यांना आपण कितवे ते आपल्यापुरतं कळतं. बोलायला वेळच नाही.

आता मी काय करते ते सांगते, म्हणजे नुसती टीका नको. प्लिकर्स नावाचं एक साधन आहे. त्यात मुलांना यंत्र लागत नाही. प्रत्येकाला कागदावर छापलेलं, क्यूआर कोडसारखं दिसणारं एक कार्ड द्यायचं. कार्ड कोणत्या बाजूनं वर धरलं त्यावर अ, ब, क, ड ठरतं. शिक्षकानं आपला एक फोन वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. कार्डावरची अक्षरं इतकी बारीक असतात, की शेजाऱ्यानं काय धरलंय ते सहज दिसत नाही. संगीत नाही. पहिल्यांदा वापरलं तेव्हा पोरं म्हणाली, "मॅडम, ते गाणंवालं नाही का?" नाही म्हटलं. पहिली दोन वेळा तोंडं पाडून बसली. तिसऱ्या वेळी दोघांचं चांगलंच भांडण झालं, बल्ब मंद होईल की तसाच राहील यावर. त्या भांडणाकडे पुढे येतेच.

जिओजेब्राबद्दल लिहिताना मला पक्षपात टाळता येणार नाही, कारण ते मला आवडतं. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन विद्यार्थ्यानं २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी ते सुरू केलं. भूमितीची आकृती काढायची आणि तिचा एखादा बिंदू धरून ओढायचा. आकृती हलते, पण तिच्यातली नाती तुटत नाहीत. खडूनं फळ्यावर वर्तुळ काढणाऱ्या कुणालाही विचारा, हा केवढा चमत्कार आहे. दहावीला अर्धवर्तुळात अंतर्लिखित कोन काटकोन असतो, हे शिकवायचं असतं. वर्तुळ काढलं, व्यास काढला, वर्तुळावर एक बिंदू ठेवला. एकेका मुलानं येऊन बिंदू फिरवला. ९० अंश. इकडे ९०. पार टोकाला नेला, तरी ९०.

मग एकानं विचारलं, "मॅडम, दिसतंय की. आता सिद्ध कशाला करायचं?"

हा प्रश्न उर्मट नाही. हा प्रश्न जिओजेब्रानं विचारायला लावला. फळ्यावरची आकृती वाकडीतिकडी असते, म्हणून सिद्धतेची गरज मुलं निमूट मान्य करतात. पडद्यावरची आकृती इतकी खात्रीची दिसते, की सिद्धता नुसता परीक्षेचा जाच वाटायला लागते. मी तेव्हा गुळमुळीत काहीतरी बोलले, मार्कांचं कारण दिलं. घरी जाऊन विचार केला. दुसऱ्या दिवशी त्याच आकृतीत केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत एक रेषाखंड काढला. त्रिकोणाचे दोन त्रिकोण झाले. दोन्हींत दोन-दोन बाजू त्रिज्या, म्हणजे दोन्ही समद्विभुज. बिंदूपाशी कोनाचे दोन तुकडे दिसायला लागले. आता बिंदू ओढा. एक तुकडा वाढतो, दुसरा घटतो, बेरीज हलत नाही. का हलत नाही? त्या दोन तुकड्यांच्या जोड्या मिळून मोठ्या त्रिकोणाचे १८० अंश होतात, मग एकेक मिळून ९० होणारच. तो मुलगा म्हणाला, "म्हणजे त्याला दुसरा पर्यायच नाही." मला यापेक्षा चांगली सिद्धतेची व्याख्या सांगता आली नसती.

माझा मुद्दा असा, की जिओजेब्रा रिकाम्या पानासह दिलं तर ते मुलाला भूमिती करणारा समजतं. ती त्रिज्या काढावी हे त्याला सुचू शकतं. पण वर्गात बहुतेकदा आपण जिओजेब्राची तयार पानं उघडतो, कुणीतरी आधी बनवून ठेवलेली, ज्यात एक स्लायडर असतो. मुलानं तो डावीकडून उजवीकडे न्यायचा आणि जे घडेल ते बघायचं. तेच साधन मग मुलाला प्रेक्षक समजायला लागतं. बोट चाललं, डोकं बसून राहिलं. माझी स्वतःची जुनी पानं तपासली तर अकरापैकी नऊ स्लायडरवाली निघाली. सोयीची असतात ना. ४० मिनिटांच्या तासात रिकामं पान परवडत नाही.

जिओजेब्राच्या बाबतीत एक व्यावहारिक काळजीही सांगायला हवी. डिसेंबर २०२१मध्ये भारतातल्या बायजूजनं ते विकत घेतलं. जुलै २०२४मध्ये बायजूजच्या मूळ कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जिओजेब्रा चालू आहे, मी या आठवड्यातही वापरलंय. पण ज्या वहीत मी माझी भूमिती ठेवली, ती वही कुणाच्या कपाटात आहे याचा मी आधी कधी विचार केला नव्हता. असा धक्का मला एकदा बसून गेलाय. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी फ्लॅशचा आधार संपला आणि पुढच्या महिन्यात ते चालायचंच बंद झालं. माझ्या पेन ड्राइव्हमधली कित्येक वर्षं जमवलेली फ्लॅशची प्रात्यक्षिकं एका आठवड्यात मुकी झाली. प्रयोगशाळेतल्या लाकडी पेटीत माझ्या जन्माच्या आधीची होकायंत्रं आहेत. ती अजून उत्तर दाखवतात.

सरकारी पातळीवर बोलायचं तर आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि त्यामागं सोलापूर जिल्ह्यातल्या पारितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांचं काम आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि त्यांनी बक्षिसातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. कल्पना साधी आणि दणकट होती. पुस्तक तेच, त्याला एक दार. पण दार उघडल्यावर मला बहुतेकदा व्हिडिओ भेटतो. व्हिडिओ वाईट नसतो. मात्र तो १९८४मध्ये पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीचाच वंशज आहे. आम्ही लहानपणी टीव्हीसमोर बसून पाहायचो, ही मुलं बापाच्या फोनवर पाहतात. त्याला थांबवता येतं, मागं नेता येतं, पण त्याला चुकीचं काही करून दाखवता येत नाही. मूल व्हिडिओत तार उलटी जोडू शकत नाही. परस्परसंवादी हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. दाबायला बटण असलं की झालं परस्परसंवादी. माझी कसोटी एवढीच आहे, की त्या साधनात मुलाला स्वतःची चूक करता येते का? आणि केली तर साधन 'चूक' असं लिहून दाखवतं, की चुकीचं जे व्हायचं ते होऊ देतं?

या कसोटीवर सगळ्यात वर येतं ते फेट.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ साली ते सुरू केलं. आदल्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं होतं. नोबेलनंतर माणूस शाळकरी मुलांसाठी बल्ब आणि झरे काढत बसतो, ही मला त्या पुरस्काराहून मोठी बातमी वाटते. फेटची सिम्युलेशनं फुकट आहेत, अनेकांचं स्वयंसेवकांनी मराठी केलंय, आणि एचटीएमएलमध्ये आणलेली सिम्युलेशनं एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. मग नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये चालतात. आमच्यासारख्या शाळेला हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

विद्युत परिपथाचं सिम्युलेशन घ्या. कोऱ्या निळसर पडद्यावर बाजूच्या पेटीतून तारा, बॅटरी, बल्ब, रोध, कळ असं ओढून आणायचं. सूचना नाहीत. प्रश्न नाहीत. गुण नाहीत. परिपथ पूर्ण झाला की इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके वाहायला लागतात, बल्बमधून किरण निघतात. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली, तर आग लागते. पडद्यावर खरोखर ज्वाळा येतात. माझ्या वर्गातल्या प्रत्येक तुकडीनं पहिल्या पाच मिनिटांत आग लावली आहे, आणि मी एकदाही थांबवलेलं नाही. पेटीत नाणं आहे, खोडरबर आहे, पेन्सिल आहे, माणसाचा हात आहे आणि एक कुत्रा आहे. कुत्र्यातून वीज वाहते का, हे पाहिल्याशिवाय पुढं जाणारं मूल मला अजून भेटलेलं नाही. ज्यानं तो कुत्रा तिथं ठेवला त्याला मुलं कळतात. खऱ्या प्रयोगशाळेत जे करायला सक्त मनाई आहे ते सगळं इथं करता येतं, आणि त्याचा परिणाम कुणी रागावून सांगत नाही, तो घडतो.

तरी हे सिम्युलेशन खोटं बोलतं. चांगली कादंबरी बोलते तसंच, कामापुरतं. खऱ्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन गोगलगायीहून सावकाश सरकतात, सेकंदाला मिलिमीटरचा लहानसा अंश. पडद्यावर ते मुंग्यांच्या रांगेसारखे लगबगीनं चालतात. इथल्या तारा एकमेकींना टच करून चिकटतात. सैल जोड नाही, गंज नाही, वायर सोलताना तुटणारी तार नाही. आणि बॅटरी कधी उतरत नाही.

कोलोरॅडोच्याच गटानं २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्या ज्या विद्यार्थ्यांनी परिपथ सिम्युलेशनवर शिकले, ते खरी उपकरणं वापरून शिकलेल्यांपेक्षा नंतर खरा परिपथ जोडण्यात आणि समजावून सांगण्यात सरस ठरले. अभ्यास चांगला आहे. पण तो विद्यापीठातल्या मुलांचा आहे, आणि तिथं दुसऱ्या गटाकडं निदान खरी उपकरणं होती. आपल्याकडं असा निष्कर्ष हाती आला की साहित्य खरेदीच्या यादीवर काट मारायला निमित्त मिळतं. माझी भीती सिम्युलेशनची नाही, त्या काटेची आहे.

आता ते भांडण. प्रश्न असा होता: एका बॅटरीला एक बल्ब जोडलाय, त्याच्याशी समांतर दुसरा तसाच बल्ब जोडला तर पहिल्याचा प्रकाश कमी होईल, वाढेल, तेवढाच राहील की बंद होईल? पुस्तकाप्रमाणं तेवढाच राहतो, कारण समांतर जोडणीत विभवांतर दोघांना सारखंच मिळतं. सिम्युलेशनमध्येही तेवढाच राहतो. वर्गानं आधल्या तासाला पाहिलं होतं. तरी एक मुलगा 'कमी होईल' वर अडून बसला. त्याच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. "घरी लावून बघितलंय मॅडम," तो म्हणाला. शेजारी त्याला येड्यात काढत होता.

मी कपाटातून दोन सेल, होल्डर आणि टॉर्चचे बल्ब काढले. जोडले. पहिला बल्ब छान लागला. दुसरा समांतर लावला, आणि दोन्ही मंद झाले. काढला, पहिला पुन्हा उजळला. लावला, मंद. ६२ मुलं बघत होती.

आणि मी म्हणाले, "सेल खराब झालेत. परीक्षेत पुस्तकातलंच लिहा."

हे लिहिताना मला अजून लाज वाटते. एका मुलाकडं खरा पुरावा होता, तो आम्हा सगळ्यांसमोर सिद्ध झाला होता, आणि मी पडद्याच्या बाजूनं निकाल दिला. चकचकीत, न उतरणाऱ्या बॅटरीच्या बाजूनं. तो मुलगा काही बोलला नाही, खाली बसला. साधनांचा हा धोका मला कुठल्याही यादीत वाचायला मिळाला नव्हता. मुलं पडद्याच्या आहारी जातील अशी काळजी सगळे करतात. इथं तर आहारी मी गेले होते.

त्या रात्री मी सिम्युलेशन नीट, आवडत्या पुस्तकासारखं पहिल्यापासून वाचलं. प्रयोगशाळेच्या पडद्यावर उजवीकडं एक मिटलेली चौकट असते. तिच्याकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं. ती उघडली तर आत दोन स्लायडर होते. एक तारेच्या रोधकतेचा, दुसरा बॅटरीच्या अंतर्गत रोधाचा. म्हणजे ज्यांनी हे बनवलं त्यांना माझा सेल माहीत होता. त्यांनी तो लपवला नव्हता, फक्त घडी घालून ठेवला होता, कुणी विचारेपर्यंत. खऱ्या सेलच्या पोटातही रोध असतो. सेल जुना होईल तसा तो वाढतो. दुसरा बल्ब लावला की धारा वाढते, आणि जितकी धारा जास्त तितकं विभवांतर सेलच्या पोटातच खर्ची पडतं. बाहेर उरतं ते कमी. मुलगा बरोबर होता, पुस्तकही बरोबर होतं. दोघं दोन वेगळ्या सेलबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात आधी त्याची माफी मागितली. मुलांना हे कसनुसंच झालं, काहीजण हसले. मग त्यालाच संगणकावर बसवलं. नऊ व्होल्टची बॅटरी, दहा ओहमचा बल्ब, बल्बच्या दोन टोकांना व्होल्टमीटर. मिटलेली चौकट उघडून अंतर्गत रोधाचा स्लायडर पार शेवटपर्यंत नेला, दहावर. मीटर साडेचारावर आला. दुसरा बल्ब समांतर लावला, मीटर तीनवर आला, दोन्ही बल्बांचे किरण आखूड झाले. वर्गात शांतता. मग शेजारचा, जो त्याला आदल्या दिवशी येड्यात काढत होता, तो म्हणाला, "आता परत शून्यावर ने." शून्यावर नेला. नऊ, आणि दोन्ही बल्ब झकास. "परत दहा." हे पाच-सहा वेळा झालं. मी बोलले नाही. कहूटचं संगीत असतं तर या वेळात सहा प्रश्न झाले असते.

वाइंडिंगवाल्याच्या मुलानं वडिलांचा मल्टिमीटर आणला होता, दप्तरात फडक्यात गुंडाळून. तो खऱ्या सेलवर लावला. एक बल्ब असताना दोन पूर्णांक सहा, दोन असताना दोन पूर्णांक एक. पडद्यासारखीच घसरण, पण आकडा स्थिर नाही, शेवटचा अंक सारखा वळवळणारा. "हा का हलतोय?" मागून कुणीतरी विचारलं. सिम्युलेशनमध्ये तो हलत नाही. मी सांगितलं, होल्डरचा जोड बोटानं दाबून बघ. दाबला, आकडा थांबला.

कारण लिहायची वेळ आली तेव्हा शब्दांची अडचण झाली. पुस्तकात विभवांतर, रोध, विद्युतधारा. पोरांच्या तोंडी व्होल्टेज, करंट. 'अंतर्गत रोध' हा शब्द मी फळ्यावर लिहिला, तर तो फळ्यावरच राहिला. चाचणीत वाचत बसणारी ती मुलगी आता माउस असलेल्या संगणकाच्या अगदी पुढं सरकली होती. तिनं स्लायडर हळूहळू दहाकडे नेला, बल्ब मंद होताना पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, हा म्हातारा सेल. याला स्वतःलाच चालवायला ताकद लागते, बाकीच्यांना काय देणार?"

वर्गानं तो शब्द उचलला. त्या वर्षीच्या वह्यांत 'अंतर्गत रोध'पुढं कंसात 'म्हातारा सेल' लिहिलेलं आहे, आणि मी ते खोडलेलं नाही. तो स्लायडर शून्याच्या खाली नेता येतो का, हे मग दोघातिघांनी करून पाहिलं. जात नाही. का जात नाही, यावर पुन्हा वाद सुरू झाला, आणि घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.